फिरकी गुरुजी

आमचे गुरुजी सकाळी उंच असत आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत बुटके होत. थट्टा नाही करत. राधानगरीच्या रस्त्यावरून आत वळून ओढा ओलांडला की आमची वाडी, आणि तिथल्या एका खोलीच्या शाळेत मी हा चमत्कार चार वर्षं रोज पाहिला आहे. गुरुजी खोलीच्या मधोमध एका लाकडी स्टुलावर बसत. गोल फळी फिरवली की वरखाली होणारं मळसूत्री स्टूल होतं ते. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत त्यांच्या घराजवळचा एक टायपिंग क्लास बंद पडला, तेव्हा भंगारात जाताजाता त्यांनी ते वाचवलं आणि स्कूटरच्या मागं बांधून आणलं. खोलीला चार भिंती, भिंतींवर काळा रंग फासून केलेले चार फळे आणि प्रत्येक फळ्याकडं तोंड करून बसलेला एकेक वर्ग. पूर्वेला पहिली, दक्षिणेला दुसरी, पश्चिमेला तिसरी, उत्तरेला चौथी. गुरुजी पहिलीला काहीतरी सांगून उजवीकडं वळत, दुसरीला सांगून पुन्हा उजवीकडं. प्रत्येक वळणाला स्टूल किरकिरत जरासं खाली जाई. जेवणाच्या सुट्टीला त्यांचे गुडघे हनुवटीला टेकायला आलेले असत. मग दुपारी गाडी उलटी: चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. शाळा सुटेपर्यंत गुरुजी पुन्हा होते तेवढे होत. शाळेत घड्याळ नव्हतं, पण त्यावाचून आमचं कधी अडलं नाही.

गावानं त्यांचं नाव फिरकी गुरुजी ठेवलं ते या स्टुलामुळं. ते लोकांची फिरकीही घेतात हे गावाच्या लक्षात यायला वर्ष गेलं. तेव्हा नाव बदलायची गरज पडली नाही.

दिसायला म्हणाल तर आडवा बांधा, पांढरा शर्ट, खिशाखाली शाईचा कायमचा डाग आणि डाव्या गालात तंबाखूची गोळी. आवाज अस्सल कोल्हापूरचा. ते साधं ‘बस खाली’ म्हणाले तरी पलीकडच्या वाडीतल्या माणसाला वाटे, शाळेत मारामारी झाली. प्रत्यक्षात त्यांनी कुणावर हात उगारल्याचं मला आठवत नाही. मारायला उठावं लागतं, आणि उठणं हा प्रकार गुरुजींना मनापासून नापसंत होता.

त्यांचं आवडतं वाक्य होतं, “मला येळ न्हाय, तू सांग.” दुसरीतल्या पोरानं हातच्याची बेरीज विचारली की गुरुजी तिसरीतल्या कुणाकडं तरी बोट करत आणि म्हणत, “मला येळ न्हाय, तू सांग त्याला.” तिसरीतल्याला जमलं नाही तर चौथीतली सुनी. सुनीला नाही जमलं तर मात्र गुरुजी सुस्कारा सोडून वळत, स्टूल किरकिरे, आणि आपला फार मोठा कार्यक्रम मोडला अशा चेहऱ्यानं ते उत्तर सांगत. इतका वेळ नसलेला आणि इतका निवांत माणूस मी पुन्हा पाहिला नाही. दुपारी तर ते डोळे मिटून ‘ऐकत’ असत. गावात बोललं जायचं की पगार गुरुजी खातात आणि शिकवतात पोरं. गुरुजींच्या कानावर ते आलं तेव्हा ते म्हणाले, “मग? पोरास्नी पगार कुठं पचणार हाय?”

दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं. “इयत्ता सरकारची, भिंत माझी.” म्हणजे काय, तर नाव तिसरीत असलं तरी गणितात कच्चा असेल तर गणिताला त्यानं आपलं बस्कर उचलायचं आणि दुसरीच्या भिंतीकडं जायचं. पहिलीतली एखादी कविता म्हणण्यात पटाईत असेल तर तिनं कवितेपुरतं तिसरीत जाऊन बसायचं. दिवसभर बस्करं इकडून तिकडं चाललेली. पाहुण्याला वाटावं, घर बदलताहेत. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नसे, कारण जो गणिताला खाली जाई तो भूगोलाला वर जाई. आम्ही सगळेच कुठं ना कुठं खाली होतो. मी चित्रकलेत चारही वर्षं पहिलीतच राहिले.

गुरुजी आले त्या वर्षाची एक गोष्ट सांगायला हवी, ती मला मोठं झाल्यावर आईकडून कळली. गुरुजींचं आडनाव गावाला पहिल्याच दिवशी कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा काढून घेतलं. ते बौद्ध आहेत म्हटल्यावर वाडीत एकही खोली रिकामी नाही असं निघालं, आणि पहिला पावसाळा त्यांनी शाळेतच काढला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर त्यांनी स्वतः चहा केला आणि सगळ्या गावकऱ्यांपुढं कप धरले. त्या दिवशी आमच्या वाडीत ॲसिडिटीची साथ आली. जो तो छातीवर हात ठेवून नको म्हणू लागला. त्यात आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, पुढं होते. गुरुजींनी सगळा चहा पोरांना पाजला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं की ज्यांच्या घरी ॲसिडिटी हाय त्यांनी हात वर करा. चांगली जिरवली. नंतर डेअरीच्या मागची खोली त्यांना मिळाली, तीही डेअरीचा पत्रा गळायला लागला आणि वर चढायला दुसरं कुणी तयार होईना म्हणून.

तर आता माझ्या भावाचं. बाळू. मी त्याला दादा म्हणते. मी पहिलीत गेले तेव्हा तो चौथीत होता, अंगानं दांडगा, शाळेची घंटा वाजवण्याचा मान त्याच्याकडं. आणि त्याला वाचता येत नव्हतं.

हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याला कारण आमची शाळाच. एका खोलीत चार वर्ग म्हटल्यावर तीन वर्षं त्याच्या कानावर चौथीचं पुस्तक पडत आलेलं. तो चौथीत पोहोचला तेव्हा सगळे धडे त्याला तोंडपाठ होते. पुस्तक समोर धरून, बोट फिरवत, योग्य जागी थांबत तो खणखणीत ‘वाचायचा’. सुनीपेक्षा चांगलं. एकदा ऐन रंगात येऊन त्यानं पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरच्या चार ओळी वाचून टाकल्या. मी पूर्वेच्या भिंतीकडं तोंड करून बसले होते, तरी मला स्टूल थांबल्याचं ऐकू आलं. गुरुजींनी चुन्याची डबी काढली, गोळी मळली आणि गालात ठेवली.

दादापुढं त्या वर्षी संकट होतं. तात्यांनी ठरवून टाकलं होतं की पाचवीसाठी पुढच्या गावच्या मोठ्या शाळेत पोरगं पाठवायचं तर त्याला नीट वाचता आलं पाहिजे. परीक्षा गुरुजींची नाही, तात्यांची. एप्रिलात डेअरीवर सगळ्यांसमोर त्यानं पेपर वाचून दाखवायचा. जमलं तर पाचवी. नाही जमलं तर जयसिंगपूरला मामाच्या किराणा दुकानात. आमचा मामा म्हणजे ढेपेवर बसलेल्या माशीच्या पायांचा गूळसुद्धा झटकून परत ढेपेवर ठेवणारा माणूस. दुकानात नोकरांनी आपसात बोलायचं नाही हा त्याचा पहिला नियम, आणि भाचा म्हणून त्यात सूट नाही. दादाला त्या दुकानाची धडकी भरली होती. पेपर काही तोंडपाठ करता येत नाही. तो रोज नवा येतो, हीच त्याची खोड.

पान उलटण्याचा प्रकार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींनी दादाला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “बाळू, पहिलीचं वाचन आजपासनं तू घ्यायचं. मला येळ न्हाय.” दादा ऐटीत बस्कर घेऊन आमच्या भिंतीकडं आला. आम्ही पहिलीतले एवढेएवढेसे, नाकं वाहणारे, आणि हा आमचा मास्तर. त्याची शिकवायची पद्धत मोठी कडक होती. फळ्यावरच्या अक्षरावर छडी ठेवायचा आणि दरडावून विचारायचा, “सांग, हे काय?” आम्ही सांगायचो. तो दोघातिघांना विचारायचा, सगळ्यांचं एकच आलं की म्हणायचा, “बरोबर.” घरी आल्यावर पुन्हा कंदील पुढ्यात घेऊन माझा अभ्यास घ्यायचा. आई कौतुकानं म्हणायची, बहिणीवर किती जीव आहे बघा. जीव होता, नाही असं नाही. पण मला सहाव्या वर्षीसुद्धा शंका आली होती की हा विचारतोय कारण ह्याला माहीत नाही.

त्यात आमची गफलतही झाली. फळ्यावर ‘ळ’पुढं पाळण्यातल्या बाळाचं चित्र होतं, म्हणून मी त्या अक्षराला बाळच म्हणत असे. दादानं ते मान्य केलं आणि साऱ्या पहिलीला तसंच शिकवलं. काही दिवस आमची पहिली ‘कमबाळ’ आणि ‘शाबाळा’ असं एका सुरात वाचत होती. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. शेवटी डोळे न उघडताच त्यांनी दादाला विचारलं की मग तुझं नाव काय, बाबाळू? पहिली हसली, दादा लाल झाला, पण ते अक्षर तो जन्मात विसरला नाही. दिवाळीच्या आसपास तो लहान शब्द आमच्या आधी वाचू लागला होता. छडी ठेवायचा आणि आम्ही तोंड उघडायच्या आत त्याचेच ओठ हलायचे.

अशा वेळी तालुक्याहून साहेब यायचे असतात आणि ते आले. तपासणी. इस्त्रीचे कपडे, ओढा ओलांडताना बूट हातात घ्यावे लागल्यानं आधीच नाराज. गुरुजींनी त्यांना मानाची जागा म्हणून आपलं स्टूल दिलं. साहेब बसले आणि म्हणाले, चौथीची मुलं उभी राहा. कुणी उठेना. सगळी पोरं एकमेकांकडं बघू लागली. मग सुनीनं हात वर करून अगदी नम्रपणे विचारलं, “कशाची चौथी, सर? गणिताची का वाचनाची?”

साहेबांना वाटलं पोरगी टर उडवतेय. त्यांनी पूर्वेकडं पाहिलं तर बारक्या पोरांत हा दांडगा दादा. तू कितवीत, म्हणून विचारलं. दादानं खरं सांगितलं की गणितात चौथीत, वाचनाला मात्र हिकडं असतो, शिकवायला. साहेबांनी विचारलं की शाळेत शिक्षक किती आहेत. गुरुजी म्हणाले, “कागदावर एक.”

त्यानंतर साहेब चारही वर्गांना रागावले. पहिलीला रागावले, उजवीकडं वळून दुसरीला रागावले, मग तिसरीला, मग चौथीला, आणि पुन्हा पहिल्यापासून. जसजसा त्यांचा आवाज चढत होता तसतसे साहेब खाली चालले होते. शेवटी ते गुरुजींना धमकी देत होते तेव्हा त्यांचं डोकं गुरुजींच्या पोटाच्या उंचीला आलं होतं. आम्ही हसू दाबून दाबून अर्धमेले झालो. पण हुकूम पक्का होता. उद्यापासून प्रत्येक मुलानं आपापल्या इयत्तेच्या फळ्यापुढंच बसायचं, सगळ्या विषयांना. पुन्हा हा बाजार दिसला तर गुरुजींवर कारवाई.

म्हणजे दादानं चौथीत बसून चौथीचं वाचायचं, आणि तेही साहेबांनी जाताना टेबलावर ठेवलेल्या नव्या, कधी न ऐकलेल्या गोष्टींच्या पुस्तकातून. सुनीसमोर. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. आईला म्हणाला, मी आपणच मामाकडं जातो, एप्रिलपर्यंत कशाला थांबायचं. मी गोधडीत तोंड खुपसून रडले. मामाच्या दुकानात तो न बोलता कसा राहील हे मला कळत नव्हतं.

सकाळी शाळेत गेलो तर खोलीला कुलूप आणि गुरुजी बाहेर फणसाखाली स्टुलावर. आमची बस्करं त्यांनी गोल मांडून ठेवली होती. आम्ही कोण कुठं बसायचं म्हणून घुटमळलो तेव्हा त्यांनी हुकूम वाचून दाखवल्यासारखं सांगितलं, “साहेब म्हणाल्यात, आपापल्या फळ्याम्होरं बसायचं. हितं फळा दिसतोय का कुणाला? मग बसा की कुठंबी.”

त्या दिवसापासून पाऊस लागेपर्यंत आमची शाळा फणसाखाली भरली. भिंत नाही म्हटल्यावर कोण कितवीत ते दिसायची सोय नाही. दादा पहिलीच्या पोरांत बसला होता, की पहिलीची पोरं त्याच्याभोवती बसली होती, हे कुठल्याही साहेबाला सिद्ध करता आलं नसतं. साहेब परत आले नाहीत ही गोष्ट वेगळी. आमच्या वाडीत दुसऱ्यांदा येणारा साहेब अजून जन्माला यायचा आहे. नव्या पुस्तकातल्या गोष्टी दादा आम्हाला सांगू लागला. शब्दाखाली बोट धरायचा, एक शब्द आपण वाचायचा, पुढचा आमच्यातल्या कुणाला विचारायचा. गुरुजी तंबाखू मळत बघत असायचे. एकदा एक फणस त्यांच्या अगदी शेजारी धप्पकन पडला, तरी उठले नाहीत.

एप्रिल आला. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला निम्मी वाडी जमते. तात्यांनी मापाच्या कट्ट्यावर दादाला उभं केलं आणि पेपर हातात दिला. मी आईचं बोट धरून. गुरुजीही आपली लहान किटली घेऊन आले होते आणि एका कॅनवर टेकले होते. बातमी होती गव्यांची. रानातून गव्यांचा कळप उतरून कुणाच्या तरी उसात शिरला होता. दादानं बोट ठेवलं आणि सुरुवात केली. शब्द येत होते. हळूहळू, एकेक. गव्यांच्या. कळपानं. दादाला धीर आला, आणि धीर आल्यावर त्याचं जे व्हायचं ते झालं. इतके महिने तो ज्या एकाच पद्धतीनं वाचत आला होता ती त्याच्या अंगात उतरली. त्यानं एक शब्द वाचला, पुढच्या शब्दावर बोट ठेवलं, पेपर समोरच्या म्हाताऱ्यापुढं धरला आणि दरडावून विचारलं, “सांगा, हे काय?”

म्हातारा दचकला. म्हणाला, चष्मा न्हाय बाबा आणला. दादानं पेपर दुसऱ्यापुढं नेला. त्याला एकाएकी म्हैस आठवली आणि तो निघाला. लोक हसायला लागले, पण ते हसणं जरा घाईचं होतं, कारण पेपर पुढं सरकत होता आणि कुणाच्याही पुढं येऊ शकत होता. दादाला त्याचं काहीच कळलं नाही. तो आता मास्तर झाला होता. वळून त्यानं तात्यांपुढं पेपर धरला. “तात्या, तुम्ही सांगा. हे काय?”

तात्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला. मी कट्ट्याजवळच होते, मला स्पष्ट दिसलं. ते चष्मा चाचपत होते, आणि आमच्या तात्यांनी आयुष्यात कधी चष्मा घेतलेला नव्हता. माझे तात्या, ज्यांच्या शब्दाला वाडीत मान, ज्यांनी मुलाची परीक्षा मांडली होती, ते खिशात नसलेला चष्मा शोधत होते. आईनं माझा हात इतका दाबला की दुखला. तिला ठाऊक होतं. मला त्या क्षणी ठाऊक झालं.

गुरुजी उठले. उठले हे मी मुद्दाम सांगते. किटली खाली ठेवून दादाजवळ गेले आणि नेहमीच्याच आवाजात, म्हणजे ओरडून, बोलले. “बाळ्या, घरच्या मोठ्या माणसाला असं इचारायचं नसतं. आपण वाचायचं आन त्यांनी तपासायचं. तात्या, ह्यो वाचंल. बरोबर असंल तर तुम्ही नुसतं व्हय म्हणा.”

दादानं वाचलं, “नुकसान.”

तात्या थोडा वेळ पेपरकडं बघत राहिले. मग म्हणाले, “व्हय.”

दादानं पुढचा शब्द वाचला. व्हय. त्याच्या पुढचा. व्हय. गव्यांची अख्खी बातमी तशी झाली, शब्दागणिक एक व्हय. दूध मापायचं थांबलं होतं, म्हशी ओरडत होत्या, आणि कुणी हललं नाही. संपल्यावर तात्यांनी दादाच्या हातातला पेपर घेऊन नीट घडी घातली आणि काखेत मारला. घरी जाताना आईला एवढंच म्हणाले की तुझ्या भावाला निरोप धाड, दुसरा गडी बघ म्हणावं.

गुरुजींनी त्यांना दुसऱ्या दिवशी वाटेत गाठून सांगितलं की पोराचं वाचन रोज तपासत चला, नाहीतर पाचवीत ढिलं पडंल. तात्यांनी ते मनावर घेतलं. रोज जेवणाआधी दादा वाचायचा, तात्या शेजारी बसून त्याच्या बोटाकडं बघायचे आणि व्हय म्हणायचे. दादा पाचवीत गेला, पाऊस लागला, तरी व्हय चालू होतं. एका संध्याकाळी भूक लागली म्हणून दादानं घाईघाईत एक शब्द अंदाजानं ठोकून दिला.

“न्हाय,” तात्या म्हणाले.

दादा थांबला. तात्यांनी आपलं जाडजूड बोट त्या शब्दावर ठेवलं आणि म्हणाले, हितं काना हाय. आईची भाकरी तव्यावर करपली. तात्यांनी त्या रात्री एक भाकरी जास्त खाल्ली, करपलेलीच.

पुढं मी गुरुजींना विचारलं होतं, ही युक्ती तुम्हाला सुचली कशी. ते म्हणाले, कसली युक्ती, मला खरंच येळ नव्हता. माझा त्यावर निम्मा विश्वास आहे. गुरुजी आळशी होते यात शंका नाही. पण आपला आळस त्यांनी दुसऱ्याच्या अंगावर असा पांघरला की त्याची लाज झाकली जाई. हे सगळ्यांना जमत नाही. मेहनती लोकांना तर मुळीच नाही.

गुरुजी निवृत्त झाले त्याच वर्षी शाळा बंद झाली. पोरंच उरली नव्हती. जी होती ती पुढच्या गावच्या शाळेला जोडली. तिथं एका वर्गात एकाच वयाची पोरं बसतात आणि सगळी एकाच दिशेला बघतात. खोलीत आता पेंडीची पोती असतात. दादा आयटीआय करून वायरमन झाला, आणि खांबावर चढलेला असला तरी खालच्या हेल्परला “सांग, ही कुठली वायर?” म्हणून दरडावतो. मी कोल्हापुरात औषधांचं दुकान चालवते. डॉक्टरांचं अक्षर मला कधी अडत नाही. जो दादाच्या हाताखाली वाचन शिकलाय त्याला कशाचंच भय उरत नाही.

शेवटच्या वर्षांत साखरेनं गुरुजींची नजर गेली. तात्या गुडघा दाखवायला कोल्हापूरला येत, ते दवाखान्याआधी मंगळवार पेठेत जात. पेपर विकत घेऊन. गुरुजींच्या बाहेरच्या खोलीत बसून, बोट धरून, मोठ्यानं वाचत. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, चहा आणत, तात्या तो बशीत ओतून पीत आणि दुसरा कप मागत. त्यांची ॲसिडिटी कधी बरी झाली ते मी विचारलं नाही. गुरुजी डोळे मिटून ऐकत आणि अधूनमधून व्हय म्हणत. एकदा तात्या चिडले की मी चुकलो तरी तुम्ही व्हय म्हणतायसा. गुरुजी म्हणाले, मला कुठं दिसतंय, तुम्ही म्हणाल ते खरं. दोन म्हातारे यावर इतके हसले की काकू आतून बघायला आल्या.

गेल्या थंडीत गुरुजी गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तात्या पहिल्या एसटीनं आले, दादा बरोबर, मी त्यांना स्टँडवर भेटले. घरात माणसं होती, बरीचशी आमच्या वाडीची. पेपर आलेला होता. काकूंनी तो तात्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “वाचा की. ह्याच येळंला वाट बघत बसायचे.” तात्या नेहमीच्या जागी बसले. आतल्या पानावर छोटी बातमी होती, वर तरुणपणीचा, डोक्यावर दाट केस असलेला फोटो. गुरुजींना केस होते हे आम्हाला तेव्हाच कळलं. तात्यांनी बोट ठेवलं आणि वाचायला लागले. सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. मग नाव. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आडनाव झाल्यावर बोट माघारी वळलं आणि गुरुजींच्या स्वतःच्या नावावर येऊन थांबलं.

तात्यांनी वर बघितलं. डोळे भरले होते. काकूंकडं न बघता, माझ्याकडं न बघता म्हणाले, “येवढी वर्सं झाली. ह्यांचं नाव मी आज पहिल्यांदा घेतलं.”

मग त्यांनी बोट तिथंच ठेवून ते पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं.